खंडेनवमीची हार्ड डिस्क

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त शिव्या घातल्या असतील तर त्या एका हार्ड डिस्कला. तळहाताएवढी, काळी, कोपऱ्यात बारीक निळा दिवा. वायरीनं बाहेरून कॉम्प्युटरला जोडायची आणि आतली जागा संपली की सगळं तिच्यात ढकलायचं. दोन हजार दहाच्या आगेमागे कर्नाटकातल्या भालकीत एका मिक्सिंगच्या दुकानात मी कामाला होतो. मिक्सिंग म्हणजे लग्नाचा व्हिडिओ जुळवणं. लग्नात कॅमेरा धरायचा, दुकानात येऊन कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायची, नवरा-नवरीच्या भोवती गुलाब फिरवायचे, मागं गाणं लावायचं आणि डीव्हीडी करून द्यायची. आमच्या भागात गुलाब फिरले नाहीत तर लोक लग्न झालं असं मानत नसत.

दुकानाच्या मालकाला सगळा बाजार अण्णा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. थोरल्या भावासारखं त्याच्यात काही नव्हतं. दुकानात गोल फिरणारी खुर्ची एकच होती, तिच्यावर तो बसायचा; मी काम करायचो तो लोखंडी स्टुलावर. मशीनचं त्याला काडीचं कळत नव्हतं आणि न कळण्याची मिजास मोठी होती. आम्ही कॉम्प्युटरला मशीनच म्हणायचो. मशीन चालू कुठं करायची आणि सुपारी कुठं थुंकायची, एवढं माहीत असलं की धंदा करता येतो असं त्याचं मत असावं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि माझी त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. राग माझ्या नाकावर लहानपणापासूनच होता, त्याला जागा बदलून मिळाली इतकंच.

डिस्क आली आणि आठवड्याभरात तिनं रंग दाखवायला सुरुवात केली. चालता चालता गायब व्हायची. आत्ता पडद्यावर तिचं नाव आहे, हळदीचा भाग तिच्यात जातोय, आणि मी चहा पिऊन आलो की नाव नाही, निळा दिवा विझलेला, खाली कोपऱ्यात पिवळ्या त्रिकोणात एक चिठ्ठी: लिहायचं राहून गेलं, डेटा हरवला असेल. इंग्रजीत लिहिलेलं असायचं, पण अर्थ तोंडात मारल्यासारखा स्पष्ट होता.

आधी मी वायरीवर संशय घेतला. दुसरी वायर आणली, मग दोन तोंडांची आणली, एका तोंडातून करंट कमी पडला तर दुसऱ्यातून मिळावा म्हणून. फरक पडला नाही. मशीनच्या पुढच्या भोकात लावायचो ते मागच्या भोकात लावलं. चार दिवस बरं चाललं, मी खूश झालो, पाचव्या दिवशी परत दिवा विझला. मग मी डिस्क विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माणसाचा काही दोष नव्हता हे नंतर कळलं, पण उद्धार करून झाला होता.

शेवटी एका दुपारी मी हट्टाला पेटलो. कशालाही हात न लावता स्टुलावर बसलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. दहा मिनिटं झाली. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली, मशीन झोपली. त्याच क्षणी निळा दिवा गेला. मी माउस हलवला. मशीन उठली, डिस्क उठली नाही. वायर काढून परत खोचली तेव्हा उठली. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच झालं. मशीन झोपताना वायरीतला करंट तोडत होती आणि उठल्यावर परत जोडायचं विसरत होती. काम चालू असताना तरी झोपू नये असं कुणालाही वाटेल. आमची झोपायची. कुणाचं बोट लागलं नाही की तिच्या लेखी दुकानात माणूसच नव्हता.

बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून मी या दुखण्यावर वाचलं. जगभरातले लोक माझ्यासारखेच दात-ओठ खात बसलेले होते, ते बघून फार बरं वाटलं. उपाय साधा होता. मशीनच्या आत दोन ठिकाणी बरोबरच्या खुणा असतात. एकीचा अर्थ, करंट वाचवायला या भोकाची सप्लाय बंद करायची मुभा आहे. दुसरीचा अर्थ, इतक्या मिनिटांनी झोप. पहिली खूण काढून टाकायची, दुसरीत ‘कधीच नाही’ असं निवडायचं. मी तसं केलं. पंधरा दिवस डिस्क गरीब गाईसारखी वागली.

मग अण्णाच्या लक्षात आलं की मशीन झोपत नाही.

“मशीन रातंदिस जागीच ऱ्हायलीय,” तो म्हणाला. “जनावराला सुद्धा दुपारच्याला सावलीला बांधतो आपण. तिला कामून जाळायलास?”

त्याचं दुसरं म्हणणं यूपीएसच्या बॅटरीचं होतं. आमच्याकडं करंट दिवसातून चारदा जायचा आणि मशीन झोपलेली असली की बॅटरी टिकते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी त्याला डिस्कचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, सुपारी कातरली, आणि मी जेवायला गेल्यावर परत दहा मिनिटं करून ठेवलं. एवढं एक सेटिंग त्यानं शिकून घेतलं होतं, आणि तेही माझ्याशी भांडायला. मी सकाळी ‘कधीच नाही’ करायचो, तो दुपारी दहा मिनिटं करायचा. मी पडद्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘मशीन झोपवू नये’. त्यानं त्या चिठ्ठीत सुपारी बांधून खिशात ठेवली. त्यात भर म्हणून, व्हायरस आला की तो मशीन उचलून दुसऱ्या दुकानात न्यायचा आणि नवी सिस्टीम टाकून आणायचा. म्हणजे मी काढलेल्या सगळ्या खुणा परत जागच्या जागी.

या भांडणात एका घरची वरात गेली, एका घरची हळद गेली. लोकांना आम्ही ‘करंट गेला होता’ म्हणून सांगायचो. त्यावर कुणी वाद घालत नसे. करंट सगळ्यांचाच जायचा.

त्या साली दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस एक बाई दुकानात आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. औराद तालुक्यातल्या चिंताकीहून दोन बस बदलून एकटी आली होती. तिनं आपलं लग्न सांगितलं तसं मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या गावी झालेलं, आमच्या भालकी तालुक्यातच. कॅमेरा मीच धरला होता. नवरीचे हात फार कापत होते म्हणून हार घालतानाचं मी दोनदा करायला लावलं होतं.

“डीव्हीडी पायजे, दादा,” ती म्हणाली. “माझ्याकडं न्हाई. दोन्ही त्यांच्याच घरी ऱ्हायल्या.”

तिचं सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. नवरा लग्नानंतर पुण्याला कंपनीत लागला. वर्षभर फोन, मग तेही बंद. तिकडं त्यानं दुसरं घर मांडलं आणि सासूनं हिला नेसत्या लुगड्यावर माहेरी पाठवलं. हिनं कोर्टात पोटगी मागितली तर नवरा म्हणाला, लग्न झालंच नव्हतं, नुसती सुपारी फुटली होती. लग्न कुठं नोंदवलेलं नव्हतं. फोटोचा अल्बम त्यांच्याकडं. लग्न लावणारा भटजी वारला होता आणि गावातले लोक सगळे त्यांच्या बाजूचे. तिच्या घरची माणसं बोलायला तयार होती, पण वकिलानं सांगितलं होतं की घरचे तर बोलणारच, बाहेरचं काहीतरी आणा.

“तुमच्या मशीनीत असंल तर माझं लगीन झालंय,” ती म्हणाली. “नसंल तर न्हाई झालं.”

मी शोधलं. मशीनच्या आतल्या डिस्कमध्ये, धूळ बसलेल्या नावांच्या ढिगात, ते लग्न होतं. सगळं, तीन तासांचं. मी तिला तिथंच पडद्यावर थोडं दाखवलं. मंगलाष्टका चालू आहेत, अक्षता पडताहेत, मुंडावळ्या बांधलेला नवरा खाली बघतोय. ती पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा श्वास काचेवर उमटला. कॅसेट मात्र नव्हती. अण्णा त्याच कॅसेटींवर पुढची लग्नं भरायचा. म्हणजे आता ते लग्न जगात एकाच जागी होतं.

डीव्हीडी करायला मशीनमध्ये मोकळी जागा लागते आणि आमच्यात तसूभर नव्हती. आधी ते तीन तासांचं लग्न बाहेरच्या डिस्कवर हलवायचं, मग झालेल्या जागेत डीव्हीडी तयार करायची, असं ठरलं. दुकानाची रीत कॉपीची नव्हती, कटची होती. इथून उचलायचं, तिथं ठेवायचं, मागं काही ठेवायचं नाही. जागाच नव्हती तर मागं काय ठेवणार. त्यात मधेच मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि अण्णा ती उचलून घेऊन गेला. ती परत आली खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. नवी कोरी सिस्टीम टाकून; आतली लग्नं तेवढी जागच्या जागी होती. पूजेला मशीन आतूनबाहेरून स्वच्छ पाहिजे, असं तो म्हणाला. बाकीचे लोक खंडेनवमीला कोयते घासतात, हा सिस्टीम घासून आला होता. बाईला आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा वायदा दिला होता आणि त्यानंतर तीन दिवसांनी तिची कोर्टाची तारीख होती.

खंडेनवमी आमच्या भागात घरापेक्षा दुकानात मोठी. ज्याचं जे हत्यार, ते धुऊन पुसून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. शिंप्याची कात्री, गॅरेजवाल्याचे पाने, आमचा कॅमेरा आणि मशीन. एकदा पूजा झाली की त्या हत्याराला विश्रांती. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, जागचं हलवायचं नाही. अण्णाची त्यात आणखी एक भर होती. पूजेच्या वेळी मशीन चालू पाहिजे आणि पडद्यावर देवीचा फोटो पाहिजे. विझलेल्या मशीनची पूजा अशुभ.

आमचं घर बौद्ध. खटकचिंचोळीचं. आजोबांच्या वेळी धम्म घेतलेला. आमच्यात खंडेनवमी नसते. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. दुकानातली पूजा मी दरवर्षी बाजूला उभा राहून बघायचो आणि मला तिचं काही वाटत नसे. माझ्या आईनं वर्षभर घासलेल्या भांड्यांना कुणी कधी माळ घातली नाही, एवढं मात्र मनात यायचं.

त्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. डिस्क जोडली, लग्न कट करून डिस्कवर टाकायला लावलं. मशीननं दहा-बारा मिनिटांचं काम दाखवलं. ती खिडकी खाली दडवून देवीचा फोटो पडद्यावर आणला. आता सेटिंगमध्ये जाऊन झोपेचं ‘कधीच नाही’ करायचं, तेवढ्यात ताट आलं. अण्णानं माझ्या हाताखालून माउस काढून घेतला, त्यावर हळदीचं बोट ओढलं, कीबोर्डवर कुंकू टाकलं, मशीनला माळ घातली. आरती झाली. शेजारपाजारचे पाच-सहा दुकानदार आले होते. मी घड्याळाकडं बघितलं. माउसला शेवटचं बोट लागून चार मिनिटं झाली होती.

“अण्णा,” मी म्हणालो, “त्या चिंताकीच्या अक्काचं लगीन डिस्कवर जायलंय. मशीन झोपली की डिस्क सुटतीय. नुसतं माउस हलवतो, दुसरं काई न्हाई.”

“पूजा झालीय,” तो म्हणाला. “आता उद्या पानं दिल्यावरच.”

“दोन सेकंदाचं काम हाय. न्हाई तर तुम्ही हलवा.”

“मी कामून हलवू? पूजा करून मीच इटाळू व्हय?” मग तो शेजाऱ्यांकडं बघून हसला आणि आवाज मोठा करून मला म्हणाला, “अन तू तर मुळीच शिवू नको. तुमच्यात हे चालत न्हाई न्हवं? मग लांबच ऱ्हा की.”

एकजण खोकला. कीबोर्डवरची अक्षरं माझ्या बोटांनी पुसली गेली होती, इतकी की नवा माणूस बसला तर त्याला ए कुठं आणि एस कुठं ते सापडलं नसतं. वर्षाचे सगळे दिवस ती मशीन माझ्या हाताला चालत होती. त्या एका दिवशी मी शिवायचं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, “बरं.” आणि हात बांधून स्टुलावर बसलो.

मग ते सगळे कोहळा फोडायला बाहेर गेले. दुकानाच्या दारात, रस्त्यावर, कोहळ्यात कुंकू भरून आपटायचा असतो. दुकानात मी एकटा राहिलो. माउस माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला अडवणारं कुणी नव्हतं, बघणारंही कुणी नव्हतं. हलवून परत तसाच ठेवला असता तर देवीशिवाय कुणाला कळलं नसतं. घड्याळात सात मिनिटं झाली. आठ झाली. बाहेर कोहळा आपटल्याचा आवाज आला.

त्या बाईची मला आठवणच झाली नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवण झाली होती. काचेवर उमटलेला श्वास आठवला होता. पण त्याच्यावर दुसरं काहीतरी चढून बसलं होतं. जाऊ दे, मी मनात म्हणालो, याच्या पूजेनंच जाऊ दे. उद्या बोंबलेल तेव्हा सांगू, तूच म्हणाला होतास शिवू नको. दहाव्या मिनिटाला देवी काळी झाली. पंखा थांबला. निळा दिवा विझला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. छातीत थंड वाटलं. अण्णा आत येऊन म्हणाला, “बग, मशीन पण झोपली. देवीचीच इच्छा.” मी त्याच्याकडं बघून हसलो.

दुसऱ्या दिवशी मी विहारात होतो. पांढरा सदरा घातला होता. सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली, मीही म्हटली, आणि मला काही टोचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडून मशीन जागी केली. पिवळ्या त्रिकोणातली चिठ्ठी वाट बघत होती. डिस्क काढून परत जोडली. नाव आलं, उघडली तर आत लग्नाचं खोकं, म्हणजे फोल्डर, होतं. खोक्यात फाइलींची नावं होती, नावांपुढं आकारही होते. उघडायला गेलो की काही नाही. काळा पडदा. आतल्या डिस्कवर बघितलं तर तिथून सगळं उचललेलं. मशीननं पोचलं असं धरून इकडचं पुसलं होतं; इथूनही गेलं आणि तिथंही पोचलं नाही. तेव्हा कुठं माझी धावाधाव सुरू झाली. मी तपासणीचा आदेश चालवला, तो दोन तास चालून सगळं ठीक आहे म्हणाला. मागचं भोक, पुढचं भोक, दुसरी वायर, सायबर कॅफेतली दुसरी मशीन, सगळं करून बघितलं. दुपारी बस पकडून बीदरला गेलो. तिथल्या कोळार वसाहतीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस पुसलेलं परत काढतो, असं ऐकलं होतं. त्यानं संध्याकाळपर्यंत खटपट केली आणि अकरा मिनिटं काढून दिली. पंगतीची अकरा मिनिटं. बुंदी वाढणारा माणूस स्वच्छ दिसत होता. नवरा नाही, नवरी नाही, मंडपावरचा नावाचा फलकसुद्धा नाही. ती पंगत कुणाच्याही लग्नातली असू शकली असती.

त्याच दिवशी दुपारी, मी निघाल्यावर, बाई येऊन बसली होती आणि मी बीदरहून परत येईपर्यंत बसूनच होती. अण्णानं तिला आमचं नेहमीचं सांगितलं होतं. करंट.

मी आत आलो तर ती माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. अण्णानं चहा मागवला, तिनं घेतला नाही.

“करंट गेला, मशीन गेली,” ती म्हणाली. “तुम्ही तर हाईत की. कॅमेरा तुमच्याच हातात व्हता. तुम्ही बाहेरचे हाव. कोर्टात येऊन सांगताव का, डोळ्यानं बगितलं म्हणून?”

अण्णा मागून म्हणाला, “आपल्याला कोर्टकचेरीची भानगड नको.” त्यानं हे म्हटलं नसतं तर मी काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक. त्याच्या विरोधात जायचं म्हणून मी ताडकन हो म्हणालो. चांगलं काम करायलाही मला त्याच्यावरच्या रागाची गरज पडली, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि ते मला आवडलं नाही.

पुढच्या तारखांपैकी एका तारखेला मला बोलावणं आलं. कोर्टातलं सगळं कानडीत चालायचं. मला कानडी शाळेपासूनची. तिला बाजारापुरतीच यायची. मी सांगितलं, लग्न मी बघितलं, चित्रित केलं, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, हार मी दोनदा घालायला लावला. नवऱ्याचा वकील उठला. म्हणाला, असं चित्रण होतं तर ते नेमकं आताच कसं नाहीसं झालं? करंट जातो तेव्हा सगळ्या तालुक्याचं लग्न पुसलं जातं का? लोक हसले. मी करंट म्हणू शकलो असतो. पण ते खोटं त्यानं लगेच पकडलं असतं आणि खोट्या साक्षीदाराचं खरंही कुणी धरलं नसतं. म्हणून मी घडलं तसं सांगितलं. मशीन झोपते, डिस्क सुटते, मला माहीत होतं. पूजा होती, मला शिवायचं नाही असं सांगितलं गेलं.

“तुला अडवायला तिथं कुणी उभं होतं?” वकिलानं विचारलं.

“न्हवतं.”

“मग हात का लावला नाहीस?”

“मालकावर राग होता.”

या वेळी लोक जास्त हसले. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहून घेतलं. माझी साक्ष धरली गेली आणि पोटगी तिला मिळाली, हे मला वर्षभरानं भालकी सोडताना कळलं. इतका मूर्खपणा कुणी रचून सांगणार नाही, असं तिच्या वकिलाचं म्हणणं होतं म्हणे.

पण त्या दिवशी आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. ती कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली थांबली होती. मी जवळ गेलो.

“तुमचं लई उपकार झालं,” ती म्हणाली. “लोकं कामून हासायले व्हते? तुम्ही काय म्हणलाव?”

मी तिला काहीही सांगू शकलो असतो. ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवूनच उभी होती. मी सांगितलं. कानडीत दोन वाक्यांत संपलेलं मराठीत संपता संपेना. पूजा सांगितली, अण्णा काय बोलला ते सांगितलं, ते सांगताना माझा आवाज परत चढला. एकट्या दुकानातली ती चार-पाच मिनिटं सांगितली. छातीत थंड वाटलं तेही सांगितलं, कशाला कोण जाणे. ती ऐकत राहिली. पिशवीचा बंद तिनं मनगटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. ती भडकेल असं मला वाटत होतं आणि मी त्याला तयार होतो. भडकणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येत होतं.

ती भडकली नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, “मालकावर राग व्हता, ते कळलं. पण ते माझ्यावर कामून काढलाव, दादा?”

औरादची गाडी लागली होती, म्हणून ती गेली.